वाघ-बकरीची चावी

हिंगोलीत मोबाइल अ‍ॅपचा क्लास चालवणाऱ्या सरांनी मला फसवलं, आणि माझ्या हातून माझ्या बाजाराला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाजारात हल्ली याच्या उलटं बोललं जातं.

मी शेळ्यांचा व्यापारी. बापाने मागे काही ठेवलं नव्हतं. जे आहे ते जिभेच्या आणि रागाच्या जोरावर कमावलेलं. बोकडाचं वय मालकाला विचारायचं नाही, ओठ वर करून दात बघायचे, ही माझी विद्या. अ‍ॅप करायला शिकलो तेही तसंच. सरांच्या फळ्यावरचं डोक्यात शिरेना. मग इंटरनेटवर कुणा परक्या माणसाने लिहिलेला वाघ-बकरीचा, रेघांच्या पटावरचा खेळ सापडला. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. वाचा, बदला, वाटा. अट एकच, बदलून पुढे वाटलात तर तुमचाही कोड असाच खुला ठेवायचा. मला हा व्यवहार पटला.

जुना लॅपटॉप घेऊन बसलो. एक ओळ काढायची, खेळ चालवायचा, काय मोडलं ते बघायचं. एकदा वाघ रेघा सोडून पडद्याबाहेर निघून गेला. एकदा बकऱ्या मरेचनात. बायको म्हणाली, "अशा बकऱ्या आपल्या दावणीला काहून न्हाई आणत?" मोडता मोडता कोणती ओळ कशासाठी आहे ते कळत गेलं. बकऱ्या काळ्या उस्मानाबादी केल्या, आमच्याच शेळीचा आवाज भरला, पहिल्या पडद्यावर माझं नाव टाकलं आणि फाइल बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडली. गिऱ्हाईक नसलं की माणसं लिंबाखाली बसून तोच खेळ खेळू लागली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

अशा फाइलवर करणाऱ्याची सही असते आणि ती सही एका चावीने होते. ही चावी म्हणजेही एक फाइलच, पासवर्ड लावलेली. त्याच चावीची सही असलेली नवी फाइल आली की फोन तिला घरचीच समजतो आणि जुनीच्या जागी बसवतो. सर म्हणाले, "चावी माझ्याकडे देऊन ठेवा, बारीकसारीक चुका मी दुरुस्त करतो." मी दिली, पासवर्डासकट. आमच्यात सौद्याच्या वेळी जनावराचं दावं दलालाच्या हातात देतात. मग तो रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव ठरवतो. सौदा फिसकटला तर दावं परत मालकाच्या हातात. मला वाटलं, चावीचंही तसंच. पण दावं एका वेळी एकाच हातात असतं. चावीची नक्कल होते. ती परत मिळाली तरी तिकडेही राहतेच.

काही दिवसांनी ग्रुपवर सरांनी सुधारलेली फाइल टाकली. वर माझंच नाव. सगळ्यांनी घेतली.

वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीत आमच्या बाजारातले जुने दलाल चाचा भेटले. रुमालाखालची बोटं मला त्यांनीच शिकवली.

"काय रे बेटा, तुझा वाघ माझे फोटू काहून मागून राहिला? बकऱ्या खाऊन पोट भरलं न्हाई का त्याचं?"

मी हसलो. "मग तुमी काय केलं चाचा?"

"व्हय म्हटलं. वर तुझं नाव व्हतं ना."

मी चहा बाजूला ठेवला. माझ्या कोडात फोटो मागणारी ओळच नव्हती. चाचांचा फोन घेऊन पाहिलं, तर खेळाने फोटोंची परवानगी घेतली होती आणि सगळ्या नंबरांचीही.

पुढे त्यांच्या सुनेच्या माहेरी अनोळखी नंबरावरून तिचा फोटो गेला, खाली नको तो मजकूर. चाचा ओरडले असते तर मी सहन केलं असतं. ते एवढंच म्हणाले, "कोन करून राहिलं, सांग." खेळ काढून टाका म्हणून मी ग्रुपवर बजावलं, पण फाइल कुठल्या कुठे पोचली होती. परवा बाजारात मी रुमाल टाकून हात पुढे केला, तर समोरच्याने हात मागे घेतला. आता रोज वाटतं, आज कुणाची सून, उद्या कुणाची लेक.

सरांकडे गेलो. टेबलावर मूठ आपटली. ते हललेही नाहीत.

"चावी तुमची, सही तुमची, नाव तुमचं. पोलिसात जा ना. आधी कुणाला आत बसवतील?"

आयुष्यात कुणापुढे न दबलेला मी, जिना उतरून परत आलो.

तरीही लिहितो आहे. सर, कोड खुला होता म्हणून मी शिकलो. तोच कोड तुम्ही घेतलात आणि बंद केलात. आता त्याच अटीवर तुमच्या फाइलचा कोड उघडा. आमच्या लेकीसुनांचे फोटो कुणाकडे जातात, ते येत्या बाजारात चाचांसमोर उभं राहून सांगा. ते मला विचारतात. उत्तर तुम्ही द्यायचं आहे. रुमालाखाली नाही, सगळ्यांच्या देखत.