टाइम्प्लीज आणि शिट्टी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांचं नाव घेतो. आईची त्याला हरकत नाही. ती म्हणते, "मले इचारलं तं मीबी त्यायचंच घेईन."

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, सुलतानपूरच्या बाजूचं. शाळेत खेळ म्हणजे कबड्डी. मी इतका किडकिडीत होतो की मला कोणी पकडायचंसुद्धा नाही. खेळाच्या तासाला मी निंबाखाली बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायचो. मी आठवीत असताना सर बुलढाण्याला प्रशिक्षणाला गेले आणि येताना फुटबॉल घेऊन आले. ते स्वतः कबड्डीतले. फुटबॉलला त्यांनी त्याआधी कधी पाय लावला नव्हता. "हा खेळ बारक्यायचाबी हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी चपला सोडून उठलो.

मैदानावर फक्कीच्या रेघा मारून सरांनी नियम सांगितले. चेंडूला हात लावायचा नाही. लावेल तो फक्त गोलकीपर, तोही आपल्या चौकटीत. चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला तर दोन्ही हातांनी, डोक्यामागून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून आत फेकायचा. रेघेवरचा चेंडू आत की बाहेर, यावर पहिल्याच दिवशी भांडण लागलं. सर म्हणाले, "बैलाचा एक पाय धुऱ्यावर पडला म्हणून बैल दुसऱ्याच्या वावरात गेला का बे? अख्खा चेंडू रेघेच्या पल्याड गेला पाहिजे." शेतकऱ्यांच्या पोरांना पुढे काही विचारायचं उरलं नाही.

ऑफसाइड मात्र कोणाच्या डोक्यात शिरेना. आपल्याकडे चेंडू मारला जातो त्या वेळी आपण समोरच्यांच्या अंगणात, चेंडूच्या पुढे असलो, तर आपल्या आणि गोलाच्या मध्ये त्यांचे दोघं तरी हवेत, गोलकीपर धरून. "सर, पण काऊन?" असं सगळ्यांनी विचारल्यावर सर वैतागून म्हणाले, "पंगत बसायच्या आधीच जो बुंदीच्या टोपल्यापाशी जाऊन उभा राह्यते, तो ऑफसाइड!" त्यानंतर गावातल्या लग्नांत आम्ही कितीतरी मोठी माणसं ऑफसाइड धरली.

मुख्याध्यापकांना हा खेळ पसंत नव्हता. गावाचं नाव कबड्डीत होतं. त्यांनी सरांना सांगितलं, "मेहकरले एक मॅच जिंकून दाखवा. नाही तं आपली कबड्डीच बरी." म्हणजे हरलो तर मी परत निंबाखाली.

मेहकरला आमच्यासमोर शहरातली शाळा होती. त्यांच्या पायांत बूट, आमचे पाय उघडे. तरी शेवटापर्यंत आम्ही गोल होऊ दिला नाही. याचं श्रेय आमच्या गोलकीपरचं. तो गादीवाल्याचा मुलगा, कापसाच्या ढिगावर उड्या मारून तयार झालेला. शेवटी शेवटी त्यांचा एक मुलगा चेंडू घेऊन आमच्या गोलाकडे आला आणि नेमका तेव्हा आमच्या गोलकीपरच्या टाचेत सराटा रुतला. गल्लीतल्या खेळात करतो तेच त्यानं केलं. मूठ ओठांना लावली, "टाइम्प्लीज!" म्हणाला आणि खाली बसून काटा काढू लागला.

आमची सगळी पोरं जागच्या जागी थांबली. टाइम्प्लीज म्हटल्यावर कोण खेळतं? समोरचा मुलगाही थबकला. मग त्यानं पंचांकडे पाहिलं. शिट्टी त्यांच्या तोंडात होती, पण वाजली नव्हती. त्यानं चेंडू हळूच गोलात ढकलला, न विचारता कोणाच्या घरात शिरावं तसा.

"सर, म्या टाइम्प्लीज म्हटलं होतं!" गोलकीपर रडायला लागला.

"बाळा, फुटबॉलमध्ये टाइम्प्लीज नसतं," पंच म्हणाले. "शिट्टी वाजेपर्यंत खेळ चालू."

सर मैदानात गेले. आम्हाला वाटलं, आता जुंपणार. त्यांनी फक्त विचारलं, "साहेब, पोराले खरंच जास्त लागलं असतं तं?"

"तर मी थांबवला असता."

"बराबर हाय," सर म्हणाले आणि परत आले.

एसटीत सगळे गोलकीपरवर तुटून पडले. "तुले आजच काटा रुतायचा होता का बे?"

"मंग? तो काय सांगून रुतते?"

सर म्हणाले, "त्याले काऊन बोलता? बाकी सारे नियम सांगितले, हा एक मीच सांगाचा राह्यलो."

खेळाच्या तासाचा फुटबॉल बंद झाला. पण सरांनी शाळा सुटल्यावर मैदानावर यायला सांगितलं आणि माझ्या हातात स्वतःची शिट्टी दिली. "तुले आवाज नाई, हे घे." हळदीच्या खोक्याचा पुठ्ठा हे माझं पिवळं कार्ड. मोठी मुलं चिडायची, "सकाळी आमच्या घरून ताक नेलं, अन् आता मले कार्ड दाखवतं?" सर लांबून हसायचे, पण माझा निर्णय त्यांनी कधी फिरवला नाही. बारावीनंतर तेच आमच्या घरी आले. बाबा म्हणाले, "खेळाचीबी डिग्री असते का?" सर म्हणाले, "असते. अन् पगारबी असते." आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला.

आता मी संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, खेळाचा शिक्षक आहे. गेल्या आठवड्यात सरांना हे पत्र टाकलं.

"आदरणीय सर, नमस्कार.

फोनवर तुम्हाला आता नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. परवा शेजारच्या गावाशी आमच्या शाळेची मॅच होती. पंच मीच. आमची पोरं आजवर एकही मॅच जिंकलेली नाहीत. शेवटी आमचा मुलगा गोलापाशी पोचला आणि त्यांचा गोलकीपर पाय धरून खाली बसला. त्यानं मूठ ओठांना लावली. सर, मी शिट्टी वाजवली. सराटाच होता, फार मोठं काही नव्हतं. मेहकरच्या पंचांनी वाजवली नसती. मग नियमाप्रमाणे चेंडू त्यांच्याच गोलकीपरला टाकून खेळ सुरू केला. मॅच बरोबरीत सुटली.

आमची पोरं माझ्याशी बोलेनात. एकानं विचारलंच, 'सर, तुम्ही आमचे का त्यांचे?' पण दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो तर सगळी पोरं खाली वाकून सराटे वेचत होती.

मी बरोबर केलं की चूक, ते तुम्ही इथं येऊन सांगा. संग्रामपूरच्या स्टँडवर मी घ्यायला येईन. बूट घालून या. सराटे अजून बरेच आहेत.

तुमचा विद्यार्थी."