भिंतीवरचे फार्मासिस्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग ऐका. उमापूरला, म्हणजे आमच्या सासुरवाडीत, लोक अजून हसतायत. त्यात तुमची भर!

गेल्या दिवाळीला गेलतो. सासऱ्यांची बीपीची गोळी संपली होती, म्हणून त्यांनी सकाळीच मेडिकलवरून नवं पाकीट आणलं होतं. मी आपलं सहज जुनं पाकीट शेजारी धरून बघितलं. नाव वेगळंच! नीट वाचलं तर शुगरची गोळी. ज्या माणसाला शुगर नाहीच, त्याला शुगरची गोळी! नशीब, अजून खाल्ली नव्हती.

आता मी डी. फार्म. झालेला माणूस. धंदा बी-बियाण्याचा करतो, ती गोष्ट निराळी. पण रक्त उसळलंच की! शिवाय सासरे सोबत. जावयाला असा मोका रोज कुठं मिळतो?

तडक दुकान गाठलं. काउंटरवर मालक, दत्ताभाऊ.

"ही गोळी कुणी दिली?"

"म्याच दिली. कावून?"

"तुम्ही फार्मासिस्ट आहात का?"

"न्हाई बा. सर बाहेर गेलेत."

"येणार कधी?"

"येतेल की!"

शेजारच्या हॉटेलातले चारजण हातातला चहा टाकून आले. गर्दी बघून मला आणखी चेव चढला.

"आमच्या सासऱ्यांच्या जिवाशी खेळता? परवाना असलेला माणूस दुकानात हजर पाहिजे! हे लोक नुसतं सर्टिफिकेट भाड्यानं देतात आणि घरी झोपा काढतात. लाज कशी वाटत नाही त्याला? नाव सांगा त्याचं, आत्ता तक्रार करतो!"

सासऱ्यांची छाती फुगली होती. दत्ताभाऊ मात्र माझ्या तोंडाकडं टक लावून बघायला लागले. मग वर भिंतीकडं. मग परत माझ्याकडं.

"नाव कशाला, फोटोच बघा की. आता मिशा न्हाईत तुमाला, पण..."

भिंतीवर, धुळीनं निम्म्या झाकलेल्या फ्रेममध्ये, मीच! बावीस वर्षांचा, मिशांसकट.

अहो, बीडच्या एका ओळखीच्या माणसाला सर्टिफिकेट देऊन मोकळा झालो होतो. कागद आला की न वाचता सही ठोकायची, एवढंच. ते कुठल्या गावात टांगलंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"लई दिसांनी दर्शन, सर!" दत्ताभाऊंनी हात जोडले. "बसा, खुर्ची तुमचीच हाय."

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली.

"बरं झालं घावलात सायेब. ही गोळी जेवायच्या आदी घ्यायची का नंतर?"

मी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. कॉलेज सुटून किती वर्षं झाली, तुम्हीच सांगा! शेवटी म्हणालो, "मावशी, डॉक्टरांना विचारा."

सासऱ्यांनी स्वतःची गोळी बदलून घेतली, जुन्या पाकिटाशी दोनदा ताडून बघितली आणि दत्ताभाऊंना म्हणाले, "दत्ता, तुजा भिंतीवरचाच बरा हाय बाबा. निदान गप तर ऱ्हातो!"