ब्लॉकवरची रेघ

मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसलो होतो. एका हातात दाढीचा आरसा, दुसऱ्या हातात रॉकेलची चिंधी. इंजिनच्या मागच्या अंगाला, जिथं गिअरबॉक्स जोडलेला असतो, तिथलं वीस-बावीस वर्षांचं ग्रीस पुसत होतो. बॅटरीचा उजेड दस्तगीरचाचांनी धरला होता. बाहेरून अविनाशराव तिसऱ्यांदा विचारत होते, "सापडला का नंबर?"

नंबर सापडत नव्हता. सापडत होती ती तारीख.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आण्णांच्या इंजिन वर्कशॉपमध्ये मी फोरमन होतो. तेव्हाच्या उद्यमनगरात डोळे मिटून चाललं तरी पत्ता सापडायचा. जळक्या वाळूचा वास आला की फौंड्री, रॉकेलचा आला की आम्ही. आता तिकडून जातो तेव्हा दोन्ही वास येत नाहीत, आणि खरं सांगतो, जिवाला बरं वाटत नाही.

गाडी होती डॉक्टर सबनिसांची. आठ सिलिंडरची अमेरिकन, खाली फिकट हिरवी आणि वर पांढरी. डॉक्टर तिच्यातून मुरगूड, कोडोलीपर्यंत पेशंट बघायला जायचे आणि उरलेल्या दिवसांत ती लग्नांना द्यायचे. अट एकच, पेट्रोल तुमचं आणि दस्तगीरला पोटभर जेवण. माझी वरातसुद्धा याच गाडीतून निघाली होती. बायको घाबरून दाराला चिकटून बसली होती, ते अजून आठवतं.

दस्तगीरचाचा पहिल्या दिवसापासून तिचे ड्रायव्हर. मूळचे मुरगूडचे. डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या कागदात लिहिलेलं निघालं, गाडी दस्तगीरला द्यावी. त्याप्रमाणे गाडी नावावर करायला आरटीओत नेली. तिथं इन्स्पेक्टरनं इंजिन नंबर बघितला, तर नंबराची जागा कोरी. आरसी बुकात नंबर आहे, इंजिनवर नाही. त्यानं कागद परत केले आणि वर्कशॉपचा दाखला आणायला सांगितलं.

डॉक्टरांचे चिरंजीव अविनाशराव पुण्यात नोकरीला. तिथल्या कुणा मेकॅनिकनं त्यांच्या कानात भरवलं, की असलं ओरिजिनल इंजिन मुंबईत शौकीन लोक हातोहात उचलतात. कुणीतरी ते विकून भंगारातलं बसवलंय. कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. गाडीची किल्ली बावीस वर्षं एकाच माणसाकडे होती. आता ती अविनाशरावांच्या खिशात होती.

"मला फक्त लेखी हवंय," ते मला म्हणाले. "इंजिन बदललेलं आहे, एवढंच. पुढचं पोलीस बघतील. आणि हे वर्कशॉप दस्तगीरनंच सुचवलंय, म्हणून आधीच सांगतो, ओळखपाळख मध्ये आणू नका."

पोलिसांच्या पुढचं म्हणजे कळंबा. तिथं तलावही आहे, पण कोल्हापुरात एखाद्याला कळंब्याला पाठवतो म्हटलं की कुणी तलाव धरत नाही, तुरुंगच धरतो. चाचांचं वय तेव्हा साठीला टेकलेलं. ते काहीच बोलत नव्हते. मला त्यांचा रागही आला. माणसानं निदान मी चोर नाही एवढं तरी म्हणावं.

आता थोडं धंद्यातलं सांगतो. इंजिनच्या लोखंडी ब्लॉकवर दोन प्रकारचं लिखाण असतं. एक ओतीव. लाकडी पॅटर्नवर आकडे चिकटवलेले असतात, वाळूत त्यांचा ठसा उमटतो, लोखंडाचा रस ओतला की ते उठावाचे होऊन बाहेर येतात. ही अक्षरं ब्लॉक फोडल्याशिवाय जात नाहीत. दुसरं पंचाचं. इंजिन तयार झाल्यावर हातोडीनं ठोकलेलं, खोलगट. हे कानशीनंही जातं. ओतीव नंबर म्हणजे आडनाव, तो हजारो ब्लॉकांवर सारखाच असतो. ओतीव तारीख म्हणजे जन्मतारीख. आणि पंचाचा नंबर म्हणजे त्या एकट्या इंजिनचं नाव. आरटीओला नाव हवं होतं.

आरशात मला दिसलं सी, चौदा आणि सहा. सी म्हणजे वर्षाचा तिसरा महिना, चौदा तारीख, आणि सालाचा शेवटचा आकडा सहा. मी बाहेर येऊन सांगितलं, हा ब्लॉक छप्पन सालच्या मार्चमध्ये ओतलाय.

"सहा म्हणजे सहासष्ट का नाही?" अविनाशरावांनी विचारलं. माणूस संशयी होता, पण मूर्ख नव्हता.

मी त्यांना दाखवलं, की पुढच्या वर्षांच्या ब्लॉकला दोन्ही बाजूंना माउंटिंगचे, म्हणजे इंजिन गाडीत बसवायचे, कान असतात. याला ते नव्हते. डॉक्टरांच्या फायलीत गाडी जहाजावर चढल्याचा कागद होता, तोही त्याच सालच्या मे महिन्याचा. मार्चमध्ये ब्लॉक ओतला, मेमध्ये गाडी निघाली. हिशेब चोख बसत होता.

"पण त्या दिवशी असे शेकड्यांनी ब्लॉक ओतले असतील. त्यातलाच दुसरा कशावरून नाही?"

ते ठरवायला नंबरच हवा होता. म्हणून मी पुन्हा नंबराच्या कोऱ्या जागेकडे वळलो. या इंजिनला सिलिंडरच्या दोन रांगा. उजव्या रांगेच्या पुढच्या टोकाला, हेडच्या म्हणजे वरच्या झाकणाच्या बाहेर, दोन बोटं रुंद सपाट पट्टी असते. त्यावर नंबर ठोकतात. मी ती स्वच्छ पुसली आणि चाचांना म्हटलं, बॅटरी आडवी धरा. आडव्या उजेडात धातूवरचं बारीकसारीकही दिसतं.

पट्टीवर मशीनच्या कटरच्या कमानदार रेघा होत्या. कानस नव्हती, ग्राइंडर नव्हता. चोर कानस मारतो, मशीनवर ब्लॉक चढवून माथा सपाट करत, म्हणजे फेसिंग करत बसत नाही. आणि प्रत्येक कमानीत एक रेघ इतरांपेक्षा खोल होती. कटरच्या दाताचा टवका उडालेला असला की अशी रेघ पडते.

ही रेघ माझी होती.

चौसष्ट-पासष्ट साल असावं. डॉक्टरांची गाडी तापली होती, हेड गॅस्केट जळलं होतं. ब्लॉकचा माथा वाकला होता, म्हणून त्यावरून दहा थाउ, म्हणजे तीन-चार केसांच्या जाडीएवढं लोखंड उतरवायचं होतं. फेसिंगचं मशीन आमच्याकडे नवीन आलं होतं आणि मीही त्यावर नवीनच होतो. डॉक्टर स्टुलावर पेपर वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना कोडोलीला जायचं होतं. मी मोठ्या दिमाखात कटर फिरवला. माथा आरशासारखा झाला. हेडबाहेरच्या पट्टीवर ग्रीस आणि रंगाच्या थराखाली काही लिहिलंय का, हे मी पाहिलंच नाही. पंचाचं अक्षर दहा थाउसुद्धा खोल नसतं. इंजिनचं नाव मी स्वतःच्या हातानं पुसलं होतं, आणि त्यापायी चाचा चोर ठरत होते.

मी आण्णांच्या केबिनमध्ये गेलो. आण्णा म्हणजे वर्कशॉपचे मालक आणि माझे गुरू. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नंबर दिसत न्हाय, एवढंच लिव्ह. कुनी उडवला ते कशाला लिवतोस?"

"मग चाचांचं काय?"

"आनि आपलं काय? उद्या गाव म्हनंल, हितं इंजनाचं नंबर उडवून मिळत्यात. चोरांची रांग लागंल दारात."

त्यांचं खोटं नव्हतं. अब्रूवर चालणारा धंदा होता आमचा. आण्णांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "कटर तू फिरवलास, पर मशीन माझं हुतं. लिव्ह. खाली सही दोगांची."

पण नुसतं लिहून काय उपयोग? अविनाशराव म्हणणार, ओळखीतला आहे, वाचवतोय. पुरावा हवा होता, आणि तो आमच्या बेंचवरच पडून होता. त्याच आठवड्यात, त्याच कटरनं मी कामाचा भाग टेकवायची एक लोखंडी प्लेट फेस केली होती. टवका लक्षात आला तेव्हा आण्णांनी मला झाप झाप झापलं होतं आणि कटर फेकून दिला होता. प्लेटीच्या वापरात नसलेल्या कडेला रेघा तशाच होत्या. मी पट्टीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. दुसरा कागद प्लेटीवर ठेवून घासला. दोन्ही अविनाशरावांच्या हातात दिले.

"हा कटर आठवडाभरच चालला," मी म्हणालो. "त्या आठवड्यात आठ सिलिंडरचं इंजिन इथं एकच आलं. तुमच्या वडिलांचं. ते स्वतः घेऊन आले होते. तेव्हापासून ब्लॉक बदललेला नाही. नंबर मी उडवला. चूक माझी आहे."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाला धरले. पुन्हा पुन्हा बघितले. मग विचारलं, "बाबा कुठं बसले होते?"

मी स्टूल दाखवलं. ते तेव्हाही तिथंच होतं, फक्त एक पाय बदलला होता. अविनाशराव त्यावर थोडा वेळ बसले. माफी वगैरे मागितली नाही. उठले, खिशातली किल्ली काढली आणि चाचांच्या हातावर ठेवली. ड्रायव्हर मालकाच्या हातून घेतो तशी चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

आरटीओत मला बोलणी बसली, ती बसायलाच हवी होती. रीतसर परवानगी निघाली आणि इन्स्पेक्टरसमोर तोच जुना नंबर मी पंचानं पुन्हा ठोकला. शेवटचा आकडा जरा तिरका गेला. गाडी चाचांच्या नावावर झाली.

परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, "चाचा, हे वर्कशॉप तुम्ही का सुचवलंत?"

"त्या दिशी मी बी हितंच हुबा हुतो की," ते म्हणाले. "नंबर गेल्याला मी बगितला हुता. डाक्टरांना सांगितलं बी. ते म्हनलं, पोरगं नवीन हाय, कुनाला बोलू नगंस, नोकरी जाईल त्याची."

मग विचारलं, "तेव्हाचं राहू द्या. पण आज तरी का बोलला नाहीत?"

"मी बोललो असतो तर धाकटं मालक म्हनलं असतं, दोगं ठरवून आल्यात. तुमचं तुमी वाचलं, त्ये बरं झालं."

"आणि वाचूनही मी गप्प बसलो असतो तर?"

चाचांनी गिअर टाकला. "मग काय. कळंबं लांब हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी फेसिंग मशीनच्या वर भिंतीवर मी रंगानं लिहिलं, आधी वाचा, मग कापा. मी रिटायर झालो तोपर्यंत ते तिथं होतं. नवीन कामगार विचारायचे, ब्लॉकवर वाचण्यासारखं काय असतं? मी म्हणायचो, तुझीच सही असते, ग्रीस पुसून बघ.