पुठ्ठ्याचा आडोसा

९ नोव्हेंबर, मंगळवार. आभाळ भरलेलं. नळाला पाणी उशिरा आलं. आज खाली घरी येऊन मत घेणारी माणसं यायची आहेत. अक्कांचे केस विंचरून दिले. त्यांना निळी शाल हवी होती. दादांनी करडी काढून ठेवली होती. करडीच पांघरली.

एवढं लिहून धाकटीने वही मिटली आणि ती पुन्हा जिना उतरली. धाकटी म्हणजे सत्तरी ओलांडलेली बाई. पण थोरल्या जावेपुढे माणूस मरेपर्यंत धाकटंच राहतं. नवरा गेल्यापासून ती वरच्या खोलीत एकटी राहायची. खाली थोरली जाऊ अक्का आणि मोठे दीर दादा.

अक्कांचा जन्म शिंप्याच्या दुकानात हाताने काजं करण्यात गेला. कोटाचं काज असं भरायच्या की उलटसुलट कळू नये. डोळे त्यातच गेले, असं लोक म्हणत. डॉक्टर काचबिंदू म्हणाले. आता समोर खिडकी आहे एवढंच त्यांना उजेडावरून समजे. दादा बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी जरा उशिरा सुटली की ड्रायव्हरला घाम फुटायचा. निवृत्तीनंतर वेळेवर सोडायला घर तेवढं उरलं. अक्कांच्या डोळ्यांत रात्री औषधाचे थेंब दादाच घालत. पापणी इतक्या हलक्या हाताने उघडत की बोट लागल्याचं कळू नये. त्या बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात त्यांना खपत नसे. आणि अक्कांच्या वतीने बोलायचेही तेच. डॉक्टरांनी विचारावं, "कसं काय आजी?" आणि दादांनी सांगावं, "बरी आहे ती."

मतदानाचंही तसंच. आदल्या रात्री जेवताना दादा कुणाला मत द्यायचं ते सांगत. अक्का "हो" म्हणत. सकाळी दोघं शाळेतल्या केंद्रावर जात, दादा आधी उरकून फाटकाशी घड्याळ बघत उभे राहत.

"एवढा वेळ?"

"शिक्का ओला होता. घडीत पसरू नये म्हणून फुंकर घालत बसले."

एकदा वाटाणे सोलताना अक्का धाकटीला म्हणाल्या होत्या, "हो म्हणायला काय जातं गं? पडद्याच्या आत थोडेच येतात ते. तेवढी एक जागा आहे बघ, जिथं मला कुणी काही सांगत नाही."

धाकटीला ते पटलं होतं. तिचा नवरा निवडणुकीच्या ड्युटीवर जायचा, त्याला टपालाने मत द्यावं लागे. लहान लिफाफा मोठ्या लिफाफ्यात, सगळं जेवणाच्या टेबलावर. ती डोकावली की तो पाठ फिरवून बसे. "एरवी बायको घरातली. आत्ता तू परकी आहेस. जा, चहा टाक." त्या माणसाची आठवण आली की तिला अजून ती पाठच आठवे.

मागल्या निवडणुकीनंतर अक्कांची नजर पार गेली, आणि या खेपेला चालवेनाही. घरून मत देण्यासाठी दादांनी दोघांची नावं कळवली. एकदा कळवलं की केंद्रावर जाता येत नाही, हे अक्कांना मागाहून समजलं. दोन दिवस त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

माणसं आली. दारात एक पोलीस, आत एक अधिकारी बाई आणि तिचा मदतनीस. टेबलावरची औषधं बाजूला सारून त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. दादांनी मत दिलं, लिफाफा चिकटवला आणि खुर्ची तिथेच ठेवून म्हणाले, "आता तिचं. आणा तो कागद इकडे."

"आजींना दिसत नाही का?"

"नाही दिसत. सोबतीला मी आहे."

"सोबती चालतो, पण कोण ते आजींनी सांगायचं. आणि सोबत्याने गुप्ततेच्या हमीवर सही करायची."

"अहो, पंचावन्न वर्षं तिचं सगळं मीच बघतोय. तिला काय विचारायचं?"

"विचारावंच लागतं, आजोबा. आजी, कोण?"

अक्का करड्या शालीचं टोक चिमटीत धरून त्यावर अंगठा फिरवत होत्या, जुन्या काजावर फिरवावा तसा. दादांचं नाव घेतलं तर मत गेलं. दुसऱ्या कुणाचं घेतलं तर इतक्या वर्षांचं "हो" उघडं पडलं. तिसरी वाट नव्हती.

"धाकटी," त्या म्हणाल्या.

दादांना आधी नीट कळलं नाही. मग कळलं. ते खुर्चीवरून उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं..." एवढंच म्हणाले.

धाकटीने सही केली. आडोशामागे तिने एकेक नाव अक्कांच्या कानात सांगितलं. तिसऱ्या नावाला अक्कांनी तिचं मनगट दाबलं.

धाकटी चपापली. ते काल रात्री जेवताना दादांनीच सांगितलेलं नाव होतं.

"नक्की?" ती कुजबुजली.

"या वेळी तोच बरा वाटतो. पण ठरवलं मी." मग मनगट न सोडता, "त्यांना बोलू नकोस. वाटेल, जन्मभर त्यांचंच ऐकलं."

धाकटीने खूण केली, घडी घातली, लहान लिफाफा मोठ्यात घातला. माणसं आडोसा दुमडून गेली.

दुपारी दादा जेवले नाहीत. संध्याकाळी ते धाकटीला जिन्यात भेटले. "चांगलं हसला असाल दोघी," ते म्हणाले. धाकटीच्या ओठांवर ते नाव आलं होतं. एका वाक्यात त्या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा माणसासारखं झालं असतं. पण सही केली होती, आणि सहीपेक्षा मनगटावरची ती पकड जड होती. ती म्हणाली, "भात गरम करून देऊ का, दादा?"

"तिला द्या. मला कोण विचारतं."

थेंबांची वेळ झाली. अक्का सवयीने मान मागे टाकून, डोळे उघडे ठेवून खुर्चीत बसून राहिल्या. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते, जागे. घड्याळ त्यांना ऐकू येत होतंच. बराच वेळ गेला तरी ते हलले नाहीत. अक्कांनी मान खाली केली नाही.

शेवटी धाकटी उठली. तिने बाटली उलटी केली, पहिला थेंब गालावर ओघळला.

वर येऊन तिने सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: अक्कांचे थेंब आज मी घातले. बाटली संपत आली आहे, उद्या नवी आणणे.