मायनरची मावशी

शिवाजी पेठेतल्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोल्या दोन. मोठीत पोटं उघडायची, छोटीत गळू, गाठी, टाके. छोटीला सगळे मायनर म्हणतात आणि तिथं सव्वीस वर्षं राबणाऱ्या लालबीला मायनरची मावशी.

हा शब्द बाईच्या पाचवीलाच पुजलेला. नवरा गेला तेव्हा मुलगा साद मायनर, म्हणून राहती खोली विकायला कोर्टाची परवानगी. चार वर्षं खेपा. रिक्षा उलटली तेव्हा फ्रॅक्चर मायनर. उजव्या हातानं अजून भाकरी थापता येत नाही. दुसऱ्याचं दुखणं मायनरच असतं म्हणा.

तिच्या कामाची एक रीत होती. जागा बधिर केली तरी पेशंट जागाच असतो. लालबी त्याच्या पायाशी उभी राहायची, दोन्ही हात त्याच्या पावलांवर ठेवून. गाठ वाईट असल्याची डॉक्टरांना शंका आली की ते नुसती मान हलवायचे. मग ती गाठ तपासायला पाठवायची बाटली आणायची, एका हातानं पाठीमागं धरायची, दुसरा पावलावर ठेवायची आणि विचारायची, "काल जेवायला काय केलतं?" माणूस बोलत राहायचा, बाटली त्याला दिसायची नाही. गेल्या वर्षी वर्षाराणी कामाला लागली, तिलाही तिनं हेच शिकवलं.

आज टेबलावर लालबीच होती. मानेवरची गाठ. तीन महिने अंगावर काढलेली, कारण सुट्टी मागायचाही कंटाळा आला होता. कशाचाच उत्साह उरला नव्हता.

"मायनर हाय की, मावशी," वर्षाराणी म्हणाली. गार पडलेल्या पावलांवर तिनं दोन्ही हात ठेवले. बरं वाटलं.

कापता कापता डॉक्टर बोलायचे थांबले. पावलांवरचे हात गेले. कपाटाचं दार वाजलं. मग हात परत आला, पण एकच.

"मावशी," पोरीनं विचारलं, "काल जेवायला काय केलतं?"

लालबीला भीती वाटली. आणि पोरीची कीवही आली.

"वांगं केलतं," ती म्हणाली आणि कसं केलं ते सावकाश सांगत राहिली, बाटलीचं झाकण लागेपर्यंत.