अण्णांचं पान कुणी उघडेना

आज सकाळी माझा ब्लॉग एकदाचा सुरू झाला. लई साधा आहे. टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचं, फोल्डरमध्ये टाकायची, झालं पान तयार.

पहिलं पान वडलांवर लिहिलं. अण्णा जळकोटात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन वर्ष झालं. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली.

लगेच चुलत्यांचा फोन. "तुझा फोन हॅक झालाय व्हय? कुनीबी उघडू नका म्हनून सांगितलं म्या ग्रुपवर."

"नाना, मीच बोलतोय. अण्णांवर लिहिलंय."

"हे हॅकवाले दुसऱ्याचा आवाजबी काढतेत म्हनं आता. तूच शिकवलंस की, लिंक उघडायची न्हाय."

संध्याकाळ झाली. अजून कुणीच उघडलेलं नाही.

लिंक खाली दिलीय. तुम्ही तरी उघडाल का? खरं सांगू, दुसऱ्या कुणी पाठवली असती तर मीपण उघडली नसती.