यंत्र पूजेत असताना

आनेकलजवळ माझ्या एका शिष्याचा कारखाना आहे. तिथे प्रेशर कुकरच्या सुरक्षा-झडपा बनतात. लहानपणी तो मल्लेश्वरममधल्या माझ्या घरी रोज पहाटे स्तोत्रे शिकायला येई. त्याचे उच्चार शुद्ध होते, त्यामुळे आचरणही तसेच असणार, असे मी गृहीत धरले. दरवर्षी त्याच्याकडची आयुधपूजा मीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पूजा आटोपून मी तीर्थ देत होतो. झडपा तपासण्याच्या यंत्राला हळदकुंकू लागले होते, वर शेवंतीची माळ होती. पूजेत ठेवलेल्या आयुधाला दुसऱ्या दिवशी विसर्जन होईपर्यंत कोणी हात लावत नाही. नेमका तेव्हा एका खेपेसाठी ट्रक दारात उभा होता, आणि ती खेप तपासायची राहिली होती.

तपासणी करणाऱ्या बाई निपाणीकडच्या. तिथे बारा वर्षे काम करत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, उद्या सकाळी विसर्जन झालं की दोन तासांत तपासून देतो मी."

"अक्का, स्वल्प समजून घ्या. ट्रक उद्यापर्यंत थांबत नाही. तुम्ही फक्त सही करा."

"न बघता कशी करू? माळ काढा की मग. आत्ता तपासतो. देवीला मी सांगतो काय ते."

शिष्याचा चेहरा गंभीर झाला. तो माझ्याकडे वळून हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पूजा मधेच मोडलेली चालते का?"

मी म्हणालो, "चालत नाही."

विचारले तेवढ्याचेच उत्तर मी दिले. ते बरोबरही होते. खेप एक दिवस थांबवायला शास्त्राची कोणतीच आडकाठी नव्हती. तेवढे एक वाक्य मला सुचले होते. पण माझ्या हातात पळी होती, समोर कामगार ओंजळ धरून उभे होते, आणि त्यांच्यादेखत शिष्याला उणे दाखवणे मला जड गेले.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला आणि तपासणीच्या दाखल्यांवर त्याने स्वतः सह्या केल्या. ट्रक गेला.

बाई माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही बोलला असता तर ऐकलं असतं त्यांनी, अज्जा." त्यांनी तीर्थ घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यथाविधी विसर्जन केले. माळ उतरली. तपासायला काही उरले नव्हते. पुढच्या महिन्यात बाईंना गोदामात पाठवले, आणि तिथून त्या नोकरी सोडून गेल्या. त्या झडपा कोणाकोणाच्या चुलीवर आहेत, हे आता कळायला मार्ग नाही.

यंदाही मला बोलावणे आले आणि मी गेलो. यंत्रावर आता नवा माणूस आहे. नम्र आहे, त्याने मला वाकून नमस्कार केला. त्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या खेपेचे दाखले तपासणीआधीच सह्या करून तयार होते. मी आचमन केले आणि यजमानाचे नाव, गोत्र उच्चारून संकल्प सांगितला.